क्लच कुठं धरतो

६ ऑगस्ट, पांढुर्णा

आज क्लच पुन्हा जळाला. ओव्हरब्रिजच्या अर्ध्या चढावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि गाडी जागची हलेना. मग तो वास आला, जळकं गोणपाट आणि तापलेलं लोखंड एकत्र केल्यासारखा. पांढुर्णा ते छिंदवाडा बस चालवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण माझ्या बसमध्ये हा वास मी कधी येऊ दिला नाही. संक्रांतीनंतर बस सोडली, ड्रायव्हिंग स्कूल काढलं, आणि तेव्हापासून हा दुसरा क्लच गेला.

ही डायरी बायकोने, प्रतिभाने दिली. तिच्या शाळेत कोणीतरी मास्तर लोकांना वाटल्या होत्या. म्हणाली, बोलत तर काही नाही तुम्ही, लिहा तरी. आजपर्यंत कोरी पडली होती. आज लिहायला बसलो, कारण आता गोष्ट माझ्या एकट्याची राहिलेली नाही.

तिगाव रोडला कुलदीपभाऊंचं संत्र्याचं पॅकिंग सेंटर आहे. दसरा झाला की आसपासच्या खेड्यांतून बाया अंधारातच कामाला निघतात. मागच्या हंगामात त्यांच्या व्हॅनचा ड्रायव्हर पिऊन आला, तेव्हापासून घरचे लोक बायांना पाठवायला कुरकुर करतात. म्हणून कुलदीपभाऊ मला म्हणाले, दोन बाया ड्रायव्हर तयार करून द्या, व्हॅन त्यांच्याच हातात देतो, आणि पुढं दरवर्षी तुमच्याकडेच बॅच पाठवतो. नाही जमलं तर नागपूरहून माणसं आणू.

त्या दोघी म्हणजे तिगावची तेजस्विनी, बी.ए. करून घरी बसलेली, आणि कलाबाई, जी त्याच पॅकिंगवर कित्येक हंगाम संत्री निवडते आहे. दोघींचं लर्निंग लायसन्स झालं. सप्टेंबरअखेर छिंदवाड्याला टेस्ट आहे.

आता असा क्लच आणीन की तो जळणारच नाही.

९ ऑगस्ट

काल पॅसेंजरने नागपूरला जाऊन आलो. स्पेअर पार्टच्या गल्लीत दुकानदाराने तीन खोके पुढ्यात मांडले. एक कंपनीचा क्लच, जो आपण दोनदा जाळला. दुसरा बाहेरच्या मेकचा, साधा. तिसराही बाहेरचाच, पण हेवी ड्यूटी. त्याच्या प्रेशर प्लेटची स्प्रिंग जाड, आणि प्लेटवर तांबूस रंगाचे कडक तुकडे. ओझं वाहणाऱ्या गाड्यांना हा टाकतात म्हणे.

साध्याबद्दल विचारलं तर म्हणाला, पेडल नरम राहते, लेडीज गाडीले चालून जाईन. एवढं ऐकलं आणि मी तो खोका बाजूला सारला. हेवी ड्यूटीवाला हातात घेतला तर काय वजन. माणसाने एखादी वस्तू घ्यावी तर अशी. येताना सगळ्या रस्त्यात तो खोका मांडीवरच होता. समोर बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, मिठाई नेऊन राहिले का. मी म्हटलं, त्याहून गोड आहे.

११ ऑगस्ट

चेतनने क्लच बसवला. चेतन आमचा मेकॅनिक, माणूस चांगला, आणाल ते बसवून देतो. एक चक्कर मारून आला आणि म्हणाला की पेडल भारी झालं. मी लगेच माझ्या सीटवर बसून माझं पेडल दाबून पाहिलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डाव्या बाजूला शिकवणाऱ्याच्या पायाखाली पण क्लच आणि ब्रेक असतात, दांडीने पलीकडच्या पेडलांना जोडलेले. मला काहीच भारी वाटलं नाही. चेतनचं म्हणणं, तुमच्या बाजूची दांडी लांब आहे, तिकडून वजन समजत नाही, एकदा इकडं बसून पाहा. मी म्हटलं, जन्मभर बसचा क्लच दाबलेल्या माणसाला तू कारचा क्लच काय दाखवतो. शिवाय जेवायची वेळ झाली होती. गाडी त्यानेच घरी आणून लावली.

एकंदरीत काम फत्ते.

१३ ऑगस्ट

नव्या क्लचवर पहिला क्लास. माझ्या स्कूलचा नियम असा की शिकणाऱ्यानेच माझ्या घरून गाडी काढायची आणि त्यानेच आणून लावायची. खरी प्रॅक्टिस तीच.

कलाबाईने फाटकातून बाहेर पडेपर्यंत गाडी चार वेळा बंद पाडली. तेजस्विनीने सोडली ती एकदम उडीच मारली, समोर कुत्रं बसलं होतं ते नशिबाने उठलं. मी समजावून सांगितलं की घाबरू नका, पाय सावकाश सोडा. तेजस्विनी म्हणाली, "सर, आधीचा क्लच सांगत जाये, आता मी धरतो म्हनून. हा सांगतच नाई. नाई म्हनता म्हनता एकदम धरते."

आजकालच्या पोरींना गाडीनेसुद्धा गोड बोलायला पाहिजे.

१७ ऑगस्ट

रविवार म्हणून प्रतिभा मागच्या सीटवर येऊन बसली. शाळा नसली की येते कधी कधी, कलाबाईशी तिचं चांगलं जमतं. घरी आल्यावर म्हणाली, कलाबाई प्रत्येक वळणावर मांडी चोळत होती, पाहिलं का तुम्ही. मी म्हटलं, सवय नाही तिला. उभ्याने संत्री निवडणारी बाई, पायाला बसून काम करायची सवय लागायला वेळ लागतो.

तिने पर्स खुंटीला लावली. मग विचारलं, "तुमी कधी बसले त्या सीटवर?"

मी म्हटलं, चहा कर.

तिने चहा केला आणि गरम पाण्याची पिशवीही आणून माझ्या डाव्या गुडघ्यापाशी ठेवली. मी काही मागितली नव्हती. पावसाळ्यात कोणाचेही सांधे धरतात.

२० ऑगस्ट

आज फार वाईट झालं.

कुलदीपभाऊ पाहायला आले होते. मागच्या सीटवर बसले. मीच म्हटलं, चला ओव्हरब्रिजवर, तुम्हाला चढावरची सुरुवात दाखवतो. कलाबाई चालवत होती. अर्ध्या चढावर पुढची बैलगाडी थांबली, आपलीही गाडी थांबली. बैलगाडी निघाली. कलाबाईने हँडब्रेक सोडला, क्लच सोडायला लागली, आणि मी पाहिलं की तिचा गुडघा लटलट कापतो आहे. इंजिन बंद. गाडी मागं सरकायला लागली. मागं मिरच्यांचा हातठेला होता, ठेलेवाला ओरडला. मी माझा ब्रेक दाबला. गाडी आणि ठेल्यात हातभर जागा उरली होती.

कलाबाई उतरली आणि कठड्याला धरून उभी राहिली. बाकीचा चढ तेजस्विनीने दोनदा बंद पाडून पार केला.

कुलदीपभाऊ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. घरी आल्यावर उतरताना सरळ म्हणाले, "श्रीकांतभाऊ, माया बाया बसनार हायेत त्यात. दसऱ्यापर्यंत पाहतो, नाई तर नागपूरवाल्यायले बोलावतो."

जाताना कलाबाई मला म्हणाली की उद्यापासून ती येणार नाही. तिच्या पायात जीवच नाही, म्हणाली. मी म्हटलं, असं नसतं. पण मनातून मलाही तसंच वाटत होतं.

२५ ऑगस्ट

पोळा आणि नदीवरची दगडफेकीची गोटमार जत्रा यात चार दिवस गावचे रस्ते आपले नव्हतेच. क्लास बंद. कलाबाईचा निरोप नाही.

आज तेजस्विनी एकटी आली. गाडीत बसलीच नाही. फाटकाशी उभी राहून म्हणाली की सर, तुम्ही एकदा स्वतः ही गाडी पुलावर नेऊन दाखवा. तुमच्याकडून एका दमात गेली तर मी मान्य करीन की आमच्याच पायात जीव नाही, आणि पुन्हा तोंड उघडणार नाही. मी म्हटलं, मी शिकवणारा आहे, सर्कशीवाला नाही. ती हो म्हणाली, नमस्कार केला आणि स्टेशनकडे निघून गेली.

बोललो ते बरं नाही बोललो.

२६ ऑगस्ट

सकाळी प्रतिभा शाळेत गेल्यावर गाडी मीच काढली. ओव्हरब्रिजवर नेली. चढावर ट्रॅक्टर आडवा होता म्हणून थांबावं लागलं.

क्लच भारी आहे.

गुडघ्याचं नंतर लिहीन.

२७ ऑगस्ट

लिहायला पाहिजे, कारण आज सगळं प्रतिभाला सांगितलं आणि सांगून झाल्यावर काही मोठं वाटलं नाही.

तो ट्रॅक्टर निघाला तेव्हा मी क्लच सोडायला घेतला. बसचा क्लच मी जन्मभर सोडला, पाऊल टाचेवर टेकवून, न पाहता. काल पेडलाने माझा पाय वर ढकलला. मी सोडत नव्हतो, तेच मला ढकलत होतं. पेडल जवळजवळ पूर्ण वर येईपर्यंत काहीच नाही, आणि मग एकदम झटका. गाडी बंद. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गुडघ्यात अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि मला दिसलं की माझी मांडी अगदी कलाबाईसारखी कापते आहे. मागून हॉर्न वाजत होते. इतक्या वर्षांत मला कोणी मागून हॉर्न दिला नव्हता. शेवटी हँडब्रेकवर, दात खाऊन, गाडी वर गेली.

प्रतिभाने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मी संक्रांतीपासून थांबून राहिली, कधी सांगता म्हनून." बस मी कंटाळून सोडली असं गावाला सांगितलं होतं. तिलाही तेच सांगितलं होतं. पण शेवटच्या दिवसांत घाट चालवून झाला की कंडक्टर मला बसमधून उतरायला हात देत होता, हे तिला सौंसरच्या कोणीतरी तेव्हाच सांगितलं होतं म्हणे.

मग तिने विचारलं, आता काय. मी म्हटलं, क्लच बदलतो. ती म्हणाली, या वेळी खोक्याचं वजन पाहून घेऊ नका.

२८ ऑगस्ट

कलाबाईच्या घरी गेलो. ती अंगणात गव्हातले खडे वेचत होती. उठली नाही. मी ओट्यावर बसलो आणि सांगितलं की चूक तुमच्या पायाची नव्हती, क्लच चुकीचा होता, मीच आणला होता, आणि परवा त्या क्लचने मलाही तसंच रडवलं. तिने वेचणं थांबवलं.

"तुमालेबी?" म्हणाली.

"तीनदा बंद पडली."

तिला हसू आलं ते तिने पदराने झाकलं. मी म्हटलं, गाडी चालवायला येऊ नका. नुसतं माझ्यासोबत सौंसरच्या टॅक्सी स्टँडवर चला. निरनिराळ्या गाड्यांचे क्लच दाबून पाहू, तुम्ही, तेजस्विनी आणि मी. तिघांना जो पटेल तो घेऊ.

कलाबाईने सुपातले गहू डब्यात ओतले आणि म्हणाली, मोठी बस पकडू, छोटीत मला उलट्या होतात.

३० ऑगस्ट

सौंसरच्या स्टँडवर आजचा दिवस गेला. जाताना बसमध्ये तेजस्विनीलाही पुलावरचं सगळं सांगितलं. बसच्या दिवसांतला माझा दोस्त गजानन तिथं आता स्वतःची टॅक्सी चालवतो. त्याला कारण सांगितलं तर त्याने पूर्ण स्टँडला सांगितलं. दुपारपर्यंत सगळे टॅक्सीवाले आपापल्या गाडीचं दार उघडून उभे, आमची पाहा, आमची पाहा. गिऱ्हाईक आलं तर त्याला थांबा म्हणत होते.

एका गाडीचं पेडल चिखलात पाय घातल्यासारखं, खाली जातं पण परत यायचं नाव नाही. एकाचं अगदीच पोकळ, दाबलं की नाही तेच कळत नाही. एका नव्या गाडीचं छान हलकं, पण कलाबाई म्हणाली, यात मला गाडीचा भरवसा वाटत नाही. तेजस्विनीला तेच आवडलं होतं. मला तिसरंच आवडलं. तासभर आमचं एकमत होईना. एका दुधवाल्याच्या पिकअपचं पेडल तर मला अगदी बसची आठवण देणारं निघालं, मी त्यावरून उतरतच नव्हतो, तेव्हा त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मी खाली उतरलो.

मग तेजस्विनीनेच रीत काढली. गाडी चालू, हँडब्रेक घट्ट ओढलेला, चालवणाऱ्याने क्लच हळूहळू सोडायचा आणि क्लच धरायला लागला असं पायाला वाटलं की "आता" म्हणायचं, आणि तिथंच पाय थांबवायचा. बाकीच्यांनी बाहेर उभं राहून इंजिनचा आवाज ऐकायचा. धरलं की आवाज जरा दबतो. म्हणणारा आणि आवाज एकाच वेळी जुळले पाहिजेत. कुठं कलाबाई उशिरा म्हणायची, कुठं मी. दोन गाड्यांत तर कोणी "आता" म्हणायच्या आत गाडी बंदच.

गजाननच्या गाडीत कलाबाई बसली. पाय वर येऊ लागला, अर्ध्यावर आला, ती म्हणाली "आता", आणि इंजिन दबलं. तेजस्विनी, तेच. मग मी. दाबताना वजन होतं, पण जेवणाच्या ताटाएवढं, पोत्याएवढं नाही. सोडताना पेडल पायाला चिकटून वर आलं, मधोमध कुठंतरी तळव्याखाली बारीक गुदगुली झाली, आणि गाडीने नाक जरासं उचललं. मी म्हणालो, आता. बाहेरून दोघी म्हणाल्या, बरोबर.

गजाननला विचारलं, कोणता क्लच. त्याने नाव सांगितलं. तो साधा, बाहेरच्या मेकचा. नागपूरला मी बाजूला सारलेला खोका.

गजानन माझ्या जवळ येऊन हळूच बोलला, पण त्या दोघींना ऐकू गेलंच. "बाप्पा, तुया गुडघ्यानं तुले बस सोडाले लावली, आन तू या बायांच्या पायाखाली लोखंड ठेवून राहिला."

कलाबाई पुढं झाली आणि म्हणाली, "जाऊ द्या गजाननभाऊ, त्यायनं कबूल केलं आमच्यापाशी." मग तिनेच सगळ्यांना चहा सांगितला.

४ सप्टेंबर

नवा क्लच बसला. चेतनने जुनी केबल काढून दाखवली, आतल्या तारा तुटून फुलल्या होत्या, त्यानेही पेडल जड होत होतं. केबल नवी टाकली, रिलीज बेअरिंग नवं टाकलं. या वेळी ड्रायव्हरच्या सीटवर मी आधी बसलो. पेडलला वरून दोन बोटं मोकळी चाल, मग वजन, मग ते ओळखीचं धरणं. चेतनला दोनदा केबल सैल-घट्ट करायला लावली, तो कंटाळला, पण मी उतरलो नाही.

मग बाजारातून, शाळेवरून, स्टेशनवरून गाडी मीच फिरवली. शाळेच्या फाटकात प्रतिभा मुलांना सोडत होती. मी हॉर्न दिला. तिने पाहिलं, कोण आहे ते कळलं, आणि पुन्हा मुलांकडे वळली. पण तिचा चेहरा मला दिसला होता.

डॉक्टरकडेही जायचं ठरलं आहे. व्यायाम सांगतील. करीन.

९ सप्टेंबर

कलाबाईने ओव्हरब्रिज चढला. मध्ये थांबून, हँडब्रेकवरून, न कापता. वरच्या टोकाला गाडी बाजूला लावली आणि तिने खाली रेल्वेकडे बघत म्हटलं की इथून तिला रोज कामाला पायी जावं लागायचं. मग पुन्हा खाली उतरून पुन्हा चढली. कोणी सांगितलं नव्हतं.

१६ सप्टेंबर

गेले कित्येक दिवस मनात एकच भीती होती. नरम क्लच आहे, तोही जळाला तर. म्हणून दोघींना एकच गोष्ट घोकायला लावली, पाय पेडलवर ठेवून चालायचं नाही, गिअर पडला की पाय जमिनीवर.

आज पुलाखाली तो वास आला. तेजस्विनीला थांबवलं, बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं. काही नाही. मग पाहिलं तर मागं एका ट्रकची चाकं धुरावली होती, त्याचा ड्रायव्हर बादलीने पाणी ओतत होता. तेजस्विनी सीटवरूनच म्हणाली, सर, आपली नाही ना. मी म्हटलं, आपली नाही. हे वाक्य म्हणायला मला फार बरं वाटलं.

२५ सप्टेंबर

टेस्ट झाली. सगळं क्रमाने लिहितो.

पहाटे निघालो. रामाकोन्यापर्यंत तेजस्विनीने आणली, मग कलाबाई बसली, पुढचा घाट तिच्या वाट्याला आला. मी माझ्या सीटवर, पाय माझ्या पेडलांच्या वर. घाटात निम्म्यावर ट्रक बंद पडला होता. पुढं मागं लांबच लांब रांग. रांग हातभर सरकायची आणि थांबायची, चढ असा की चाकाखाली दगड ठेवावा. आमच्या मागं भरलेली बस होती. माझीच जुनी बस. ड्रायव्हर नवा होता, पण हॉर्न तोच.

कलाबाई सरकत होती. हँडब्रेक, क्लच, थोडं पुढं, हँडब्रेक. गाडी एकदाही मागं आली नाही. तिच्या कपाळावर घाम होता, पण पाय शांत होता. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझे पाय अजून पेडलांवर तोलून धरले आहेत आणि त्यांचं तिथं काही काम नाही. मी ते उचलून सीटखाली घेतले. कलाबाईने ते पाहिलं. जरा ताठ बसली.

ट्रकला ओलांडून वर आलो तेव्हा मागच्या बसमधल्या बाया खिडकीतून हिच्याकडे बघत होत्या. एकीने हात केला.

छिंदवाड्याला तेजस्विनीची टेस्ट आधी. रिव्हर्स घेताना जरा तिरपी गेली, पण तिने स्वतःच थांबून सरळ केली. पास. कलाबाईच्या वेळी टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी चढावर गाडी थांबवायला लावली आणि मग निघायला सांगितलं. निघाली. त्यांनी विचारलं, "कब से चला रही हो बाई?" कलाबाई म्हणाली, "बरसात से, साब." ते म्हणाले, लगता नहीं. पास.

ऑफिसच्या बाहेर येऊन कलाबाईने घरी फोन लावला आणि फोनवर एवढंच सांगितलं की भात लावून ठेवा, यायला संध्याकाळ होईल. फोन ठेवला आणि मग रडली. तेजस्विनीही. मी समोरच्या पानठेल्याकडे पाहत राहिलो.

परत येताना दोघी म्हणाल्या, आज आम्ही मागं बसतो, तुम्ही चालवा. छिंदवाड्यापासून घरापर्यंत मीच चालवली. घाट उतरलो. तो प्रत्येक वळणावर मला ओळखत होता. सौंसरच्या स्टँडवर गजाननला फक्त हॉर्न दिला, तो चहाचा कप घेऊन रस्त्यावर धावत आला, पण मी थांबलो नाही. मागं दोघी एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या होत्या.

३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज सकाळी कुलदीपभाऊंच्या पॅकिंगवर व्हॅनची पूजा. झेंडूचा हार, नारळ, सगळं. पुढं तेजस्विनी आणि कलाबाई नव्या साड्यांत, मागं पाहायला आलेल्या बायांची गर्दी. कुलदीपभाऊंनी किल्ली कलाबाईच्या हातात दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कलाबाई आत बसली. गाडी चालू केली. क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. पुन्हा. टाळ्या थांबल्या. मग तिने गाडी बंद केली, खाली उतरली आणि किल्ली कुलदीपभाऊंच्या पुढं धरली.

"याचा क्लच लय भारी हाये, आन एकदम वरती धरते. बायांले घेऊन मी असा चालवत नाई. बदलून द्या, मंग चालवतो."

कुलदीपभाऊ माझ्याकडे बघायला लागले. सगळेच बघायला लागले. त्यांना वाटलं असेल की मी कलाबाईला समजावीन. मी व्हॅनमध्ये जाऊन बसलो. ड्रायव्हरच्या सीटवर. पेडल दाबलं.

खाली उतरून म्हटलं, "बाई बरोबर बोलून राहिली."

कुलदीपभाऊंनी किल्ली परत घेतली. मग हसले, आणि चेतनला फोन लावायला मोबाइल काढला. मागून कोणीतरी बाई म्हणाली, हार काढू नका, क्लच बदलेपर्यंत असू द्या.

९ ऑक्टोबर

पहिली ट्रिप. व्हॅनला तोच साधा क्लच, तेजस्विनीने आणि कलाबाईने दोघींनी आता-आता करून पास केलेला. उजाडायच्या आधी मी पॅकिंगच्या फाटकाशी गेलो होतो, पण तिथं मला काही काम नव्हतं. प्रतिभा सोबत आली होती. म्हणाली, आता उभे काय राहता, जा त्यांच्या मागं.

गाडी काढली. व्हॅनचे लाल दिवे पुढं दिसत होते. तिगावच्या फाट्यापाशी बकऱ्यांचा कळप रस्त्यात आला. व्हॅन त्यांच्या आधीच निघून गेली होती, मी मात्र अडकलो. क्लच दाबून थांबलो, पाय दुखला नाही. बकऱ्या संपेपर्यंत समोरच्या वळणावर व्हॅन दिसेनाशी झाली होती. प्रतिभा म्हणाली, पकडा की. मी म्हटलं, त्यांना माझी गरज नाही, आपण चहा पिऊ, आणि पहिल्या गिअरमध्ये सावकाश क्लच सोडला.